केमचं लुगडं

होटगी रोड, सोलापूर
७ फेब्रुवारी २०२५

मामाआजोबा,

तुम्ही मला ओळखत नाही. मी उत्कर्षा, तुमच्या अनसूयाआक्काची नात, तुमचा भाचा अभिमन्यू याची मुलगी. मंगळवारी सकाळी तुम्हाला फोन केला होता, ती मीच. आजी गेली, सकाळी सहाला गेली, असं मी सांगितलं. तुम्ही नुसतं 'बरं' म्हणालात. 'येताय ना?' असं विचारलं तर फोन बंद. तुमच्या केम गावात रेंज गेली असेल, अशी मी मनाची समजूत घातली. पण नंतरचे तीन फोन नुसते वाजून वाजून थांबले, त्याला रेंज काय करणार? म्हणून पत्र लिहितेय. पत्र मध्येच बंद करता येत नाही, फार तर फाडता येतं.

फाडण्याआधी एवढं वाचा. मी तुमच्या नावावर एक खोटं बोलले आहे.

बाईमाणूस गेलं की तिच्या अंगावरचं शेवटचं लुगडं माहेरचं लागतं, हे मला चौतिसाव्या वर्षी कळलं, तेही आजी पुढ्यात निजलेली असताना. आमच्या खालच्या मजल्यावर मायाक्का राहतात, अक्कलकोटकडच्या. असल्या वेळी काय आधी, काय नंतर, ते सगळं त्यांना ठाऊक. त्यांनी आजीला अंघोळ घातली आणि विचारलं, "म्हायेरचं लुगडं आलं काय? त्येच्याबिगर उचलायचं न्हाय की."

सगळ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "म्हातारीला म्हायेरच न्हाय वाटतं."

मामाआजोबा, तुमची बहीण आयुष्यात कुणाचं ऐकून घेणारी नव्हती. एकदा कुजके टोमॅटो दिले म्हणून तिने भाजीवाल्याला अख्ख्या बाजारासमोर तेच टोमॅटो फोडून दाखवले होते. ती त्या दिवशी गुपचूप पडून हे ऐकत होती. मला सहन झालं नाही. मी स्कूटी काढली.

सात रस्त्याच्या पुढे एक कापडाचं दुकान नुकतं उघडत होतं. जांभळं इरकली घेतलं, तांबड्या काठाचं. दुकानदाराने विचारलं, "कुणासाठी?" मी म्हटलं, "आजीसाठी." तो म्हणाला, "आजींना खुलून दिसेल बघा." मी हो म्हटलं आणि रस्त्यावर येऊन रडले.

घरी येऊन सांगितलं, "केमहून आलं. मामाआजोबांनी गाडीत ओळखीच्या माणसाजवळ दिलं होतं, स्टेशनवर जाऊन घेतलं." मायाक्कांनी हात जोडले. बाबा सकाळपासून दगडासारखे उभे होते, ते खाली बसले आणि म्हणाले, "मामानं पाठवलं?" आणि मग लहान मुलासारखे रडले. आता माघार कशी घेणार?

आणि मामी. तुमच्या लग्नाच्या बायकोबद्दल लिहितेय, गोजरबाईंबद्दल. बाबा मामी म्हणतात म्हणून आम्ही सगळे तिला मामीच म्हणतो, बिल्डिंगसुद्धा. दहा वर्षं मूल झालं नाही म्हणून तुम्ही वच्छलाबाईंना घरात आणलंत, तेव्हा आजी केमला आली, मामीचा हात धरला आणि तिला गाडीत घालून सोलापूरला घेऊन आली. त्या दिवसापासून आजीचं माहेर सुटलं आणि मामीचं सासर. सेहेचाळीस वर्षं झाली. तुम्ही तिथे होता, तुम्हाला मी काय सांगायचं.

मी लुगडं घेऊन आले तेव्हा मामी आतल्या खोलीत तिच्या ट्रंकेपाशी बसली होती. मी सांगितलं, "मामी, केमहून लुगडं आलं." तिने माझ्याकडे पाहिलं, ट्रंकेचं झाकण लावलं आणि उठली. माझ्या हातातलं लुगडं दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं, आणि स्वतःच्या हातांनी आजीच्या अंगावर घातलं.

तेव्हापासून ती बदलली आहे. "राग गेला बग त्येंचा," असं दिवसातून चारदा म्हणते. "भनीपायी का हुईना, गेला की न्हाय?" तेराव्याला तुम्ही येणार, हे तिने धरूनच ठेवलंय. दिवाणावरच्या गाद्या गच्चीत उन्हाला टाकून आली. बाहत्तर वर्षांची बाई, लिफ्ट बंद होती तरी तीन जिने चढली.

गेलेल्या बाईची लाज राखायला मी खोटं बोलले, आणि जिवंत बाईला आशा लागून बसली. ती मोडायची माझ्यात ताकद नाही. म्हणून मागते आहे: १६ तारखेला, रविवारी, तेराव्याला या. मामीसमोर पाच मिनिटं बसा. तुम्ही दोघांनी काय बोलायचं ते तुमचं तुम्ही बघा, नाही बोललात तरी चालेल.

उत्कर्षा


१२ फेब्रुवारी

मामाआजोबा,

उत्तर नाही. पोस्टमन दोनदा येऊन गेला, एकदा विम्याचं पत्र आणि एकदा बिल्डिंगच्या मीटिंगची नोटीस. मामी दोन्ही वेळा दारात होती.

आज आजीला जाऊन नववा दिवस. तुम्ही तिला शेवटची पाहिली तेव्हा ती सदतीस वर्षांची असेल. पुढची आजी कशी होती, ते तुम्हाला कोण सांगणार? म्हणून लिहिते.

आजोबा होटगी जंक्शनला रेल्वेचे सांधेवाले होते. त्यांच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आजीने भावजय आणून ठेवली. आजोबा काय म्हणाले, माहीत आहे? "आता भाजीत दोनदा मीठ पडणार." त्यापलीकडे एक अक्षर नाही. आजोबा लवकर गेले. मग दोघींनी कडक भाकऱ्या करून विकायला सुरुवात केली आणि त्यावर बाबांना शिकवलं. मामी थापायची आणि आजी भाजायची. यात चाळीस वर्षांत कधी बदल झाला नाही. भाकरी जराशी जाड आली की आजी म्हणायची, "ही भाकर हाय का पायपुसणं?" मामी म्हणायची, "तवा तुमचा गार, वन्सं, अन् बोल माज्या हाताला?" भांडण रोज सकाळी सातला सुरू. आम्ही पोरं त्यावर घड्याळ लावायचो.

काल मामीने एकटीने भाकऱ्या केल्या, तुमच्यासाठी. तुम्हाला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आवडते म्हणे. पहिल्या पाच-सहा करपल्या. थापून झालं की ती पुढचा गोळा घ्यायला वळते, तव्याकडे बघायची तिला सवयच नाही. तिकडे बघायला आजी होती ना. सहावी करपली तेव्हा ती तव्याकडे बघत नुसती उभी राहिली. मी उलथनं घेतलं. मला येत नव्हतं, पण घेतलं.

मी विचारलं, "मामी, त्यांना चावेल का कडक भाकरी? अठ्ठ्याहत्तरचे आहेत ते." तिला राग आला. "दात लई घट्ट हायेत त्येंचे. सुपारी फोडत्यात." तिच्या डोळ्यांसमोरचे तुम्ही अजून बत्तिशीचे आहात. मला हसू आलं आणि मग वाईटही वाटलं.

बाबा तुम्हाला आभाराचा फोन करायला निघाले होते. मी म्हटलं, नंबर बदललाय, नवा मिळाला की देते. एक खोटं झाकायला दुसरं, दुसरं झाकायला तिसरं. शाळेत मी पोरांना गणित शिकवते. एक पायरी चुकली की पुढचं सगळं चुकत जातं, हे रोज सांगते. मास्तरणीला कोण सांगणार?

तुम्ही आलात की कोणीतरी लुगड्याचं काढणारच. तेव्हा फक्त मान हलवा. यायचंच नसेल तर कार्डावर एक ओळ लिहा, 'येणे होणार नाही'. म्हणजे मामी दिवसभर दाराकडे बघत बसणार नाही. एवढंच मागते.

उत्कर्षा


१७ फेब्रुवारी

मामाआजोबा,

तुम्ही आला नाहीत.

मामी सकाळी आठपासून पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसली होती, लिफ्ट दिसेल अशी. ठेवणीतलं हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू. लिफ्टचं दार वाजलं की पदर सारखा करायची. लिफ्टमधून भटजी आले, मंडपवाला आला, गॅसचा सिलिंडर आला. शेवटची पंगत बसली तरी ती उठेना. मायाक्का म्हणाल्या, "येतेत की, गाडी लेट असंल." मामी म्हणाली, "व्हय, लेट असती ती गाडी." एक ताट तिने झाकून ठेवायला लावलं होतं.

पाच वाजता मी तिला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं, दार लावलं आणि सांगून टाकलं. "मामी, ते लुगडं केमचं नव्हतं. मी आणलं होतं दुकानातून. त्यांनी काही पाठवलं नव्हतं."

मला वाटलं होतं, ती तुमच्यासाठी रडेल. मी पाण्याचा तांब्यासुद्धा भरून ठेवला होता. तिने तुमचं नावही काढलं नाही.

"तू आणलंस?" तिने विचारलं. "दुकानातनं?"

"हो."

ती आत गेली. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक लुगडं होतं. काळं इरकली, शेंदरी काठाचं, घडीसुद्धा न मोडलेलं. आजी पहिल्यांदा आजारी पडली, त्याला सहा वर्षं झाली. तेव्हाच मामीने स्वतःच्या भाकऱ्यांच्या पैशातून घेऊन ठेवलं होतं. आम्हाला कुणाला पत्ता नाही.

"ह्येच काडत हुते म्या त्या टायमाला," ती म्हणाली. "तेवढ्यात तू आलीस अन् म्हणलीस, केमहून आलं. म्हणलं, सख्ख्या भावाचं आलंय, त्येच्याम्होरं भावजयीचं कशाला? ठिवून दिलं."

ती लुगड्याच्या काठावरून हात फिरवत होती.

"केमच्या टेशनात म्या रडत हुते. म्हणलं, वन्सं, माज्यापायी तुमचं म्हायेर तुटलं. वन्सं म्हणली, 'तुटलं कुटं? माजं म्हायेर म्या संगट घिऊन चालले.' पोरी, तिचं म्हायेर मीच हुते की. सेचाळीस वर्सं तिच्या हातचं खाल्लं. तिच्या अंगावर येक लुगडं घालायचं हुतं, त्ये बी राह्यलं."

मामाआजोबा, ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने हे सगळं अगदी शांतपणे सांगितलं. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, आणि तीच माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "उगं, उगं. तुला कुटं ठावं हुतं?"

मला ठाऊक असायला हवं होतं. जन्मापासून मी त्या दोघींच्या मधे वाढले. मायाक्कांनी माहेरचं लुगडं विचारलं तेव्हा मी स्कूटीची किल्ली शोधली, पण आत जाऊन मामीला विचारलं नाही. माहेर म्हणजे भाऊ, केम, शेत, घर असंच माझ्या डोक्यात होतं. भावाने टाकलेली बायकोसुद्धा माहेर असू शकते, हे आजीला कळलं होतं, मायाक्कांनाही सांगितलं असतं तर कळलं असतं. शिकल्यासवरलेल्या मला मात्र कळलं नाही. आजीची अब्रू राखायला निघाले आणि जिचा मान होता तिलाच ट्रंकेचं झाकण लावायला लावलं. ती चिता विझली, आता हे दुरुस्त होत नाही.

तुमच्यावर तोंडसुख घ्यावं म्हणून हे पत्र लिहायला बसले होते. पण तुम्ही निदान खोटं तरी बोलला नाहीत. झाकून ठेवलेलं ताट रात्री मामीने गाईला घातलं.

उत्कर्षा


६ मार्च

मामाआजोबा,

तुमचं कार्ड आलं. सेहेचाळीस वर्षांत या घरात आलेलं तुमचं पहिलं अक्षर. बाबांनी तीनदा वाचलं आणि चष्मा पुसला. त्यांना मी सगळं सांगितलंय. दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी, आता बोलतात.

तुम्ही लिहिलंय: 'लुगडे मी पाठविले असे गावात कळले आहे. लोक बरे म्हणतात. ते तसेच राहू द्यावे. आक्काने शेवटी माझी वाट पाहिली का, ते कळवावे.'

पहिल्या गोष्टीचं आधी. तुमचा नंबर मिळेना म्हणून बाबांनी गावातल्या कुणाला तरी फोन केला होता, त्यावरूनच कळलं असणार. मी केमला येऊन कुणाला काही सांगणार नाही. लोक बरं म्हणतात तर म्हणू दे, तुम्हाला ते गोड लागतंय की घशात अडकतंय, तुमचं तुम्हाला माहीत. मामीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे की. गावात वन्संचंच नाव हुतंय." पण इथे मी ज्यांच्यासमोर खोटं बोलले, त्या प्रत्येक बाईच्या घरी जाऊन खरं सांगितलं. लुगडं द्यायचा मान मामीचा होता आणि तो मी घालवला, असं सांगितलं. शेवटी मायाक्कांकडे गेले. मला वाटलं, झोडपतील. त्या उठल्या, हळदीकुंकवाचा करंडा घेतला आणि तडक वर आल्या. मामीला कुंकू लावलं आणि पाया पडल्या. वयाने त्या मोठ्या आहेत, तरी पडल्या.

"मग ह्या लुगड्याचं काय करायचं म्हणतेस, गोजर?" त्यांनी विचारलं.

"माज्यावर घाला," मामी म्हणाली. "वन्सं माजं म्हायेर न्हवती काय? म्हायेरचंच झालं की त्ये."

ट्रंकेत कुठल्या कोपऱ्यात ठेवलंय, ते तिने मला दाखवून ठेवलंय. तेव्हा तिच्या वेळी तुम्हाला निरोप येईल, पण लुगडं घेऊन या म्हणून नव्हे. इतकं थांबायचं नसेल तर आधीच या. भाकरी आता मी भाजते. दहात दोन करपतात. मऊ हवी असेल तर तसंही सांगा, मामी नाही म्हणत असली तरी तुमचे दात आता कसे असतील ते मी समजू शकते.

आता तुमचा प्रश्न. आजीने वाट पाहिली का?

मी मामीला विचारलं, काय लिहू. ती म्हणाली, "न्हाय म्हणून लिव्ह. वन्सं कवाच इसरली म्हणावं. म्हातारपणी त्येनला झोप तरी लागू दे." बघा, टाकून दिलेली बायको अजून तुमच्या झोपेची काळजी करते. मी तसं लिहिलंही. एक कार्ड पूर्ण लिहिलं, पत्ता घातला. मग फाडलं. मायेपोटी खोटं बोलल्यावर काय होतं, ते या महिन्यात पाहून झालं.

म्हणून जे पाहिलं तेच लिहिते. भाऊबीजेच्या संध्याकाळी आजी पाट मांडायची, भोवती रांगोळी काढायची, आणि तबकात निरांजन, सुपारी, अक्षता घालून दाराशी बसायची. मामी आत भाकऱ्या आवरत बसायची, बाहेर यायची नाही. निरांजन विझलं की आजी पाट उचलायची आणि आम्हाला जेवायला हाक मारायची. दरवर्षी. गेल्या दिवाळीला तिला धड चालता येत नव्हतं, वॉकर धरून आली, पाट मला मांडायला लावला. मायाक्का वर आल्या होत्या. त्यांना बघवेना. म्हणाल्या, "किती दिस अशी बसणार गं अनसूया? चंद्राला ववाळ अन् मोकळी हो की."

आजीने तबक मांडीवर सरळ केलं. "ज्येनला भाऊ न्हाय त्येनी चंद्राला ववाळावं," ती म्हणाली. "मला भाऊ हाय की."

उत्कर्षा